इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी विझतो: दोष शोधण्याचा क्रम

मोटरसायकलच्या मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा कायम लागून राहिला तर काम सोपं असतं. स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) लावायचा, कोड (दोषाचा क्रमांक) वाचायचा आणि त्या वायरीचा माग काढायचा. दमछाक होते ती दिवा मध्येच लागून आपोआप विझतो तेव्हा. गॅरेजात गाडी नेली की दिवा बंद. मेकॅनिक म्हणतो, 'पुन्हा लागला की आणा.' आपण घरी निघतो आणि पुढच्या चौकात तो लागतो. मग कुणी सांगतं ऑक्सिजन सेन्सर बदल, कुणी सांगतं बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेव. आपण दोन्ही करतो. पैसे जातात, नोंदी पुसल्या जाण्याची शक्यता असते आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

माझ्या गाडीचा दिवा सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना लागायचा. फाटकात गतिरोधक आहे, म्हणून मी धरून चाललो की दणक्याने काहीतरी हलतंय. स्कॅनरवर पी-०५६२ हा कोड मिळाला, म्हणजे व्होल्टेज कमी. मी नवी बॅटरी बसवली. आठवड्याने दिवा पुन्हा लागला. मग वहीत नोंदी करायला लागलो, तेव्हा कळलं की बाकीच्या कुठल्याच गतिरोधकावर दिवा लागत नाही. फाटकात मी हँडल पूर्ण डावीकडे वळवतो, तेव्हाच लागतो. इग्निशन स्विचकडून येणारी एक वायर हँडलच्या मानेपाशी करकचून बांधलेल्या टायखाली आतून तुटत आली होती. वरचं प्लास्टिक शाबूत, आतले तांब्याचे बरेचसे धागे तुटलेले. आधी नोंदी आणि मग पाना, एवढा क्रम पाळला असता तर बॅटरी घ्यावी लागली नसती.

पुढचं सगळं १५० ते ४०० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, फ्यूएल इंजेक्शनवाल्या बीएस-६ मोटरसायकलींना धरून लिहिलं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष) लागू झालं आणि गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवून ठेवायची सोय रोजच्या मोटरसायकलींतही आली. कार्ब्युरेटरच्या गाडीला हा क्रम लागू नाही.

आधी ओळखा: दिवा नेमका कोणता?

इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा म्हणजे आपला विषय. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा वेगळा. तो चालत्या गाडीत लागला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि तेलाची पातळी बघितल्याशिवाय सेल मारू नका. तापमानाचा दिवाही वेगळा. एबीएसचा दिवा किल्ली लावल्यावर लागतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. तो जागेवर विझत नाही म्हणून घाबरून येणारे बरेच जण असतात.

किल्ली चालू केली की इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. त्याच वेळी टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक घरघराट ऐकू येतो. नंतर काही गाड्यांत दिवा तेवढ्यातच विझतो, काहींत इंजिन सुरू झाल्यावर. आपल्या गाडीची रीत मालकाच्या पुस्तिकेत बघून ठेवा, कारण पुढे या रीतीचा उपयोग होणार आहे.

सावधान: दिवा लागला आणि सोबत इंजिन झटके देत मिसिंग मारत असेल, तर गाडी ताणू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भयंकर तापतो. अशी गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका. पेट्रोलचा वास येत असेल किंवा चालत्या गाडीत इंजिन बंद पडत असेल, तर हमरस्त्यावर चाचणी घेत फिरू नका. टेम्पोत घालून आणलेली बरी.

तयारी

वही-पेन, डिजिटल मल्टिमीटर, दहाचा पाना, ॲलन-की, टॉर्च, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा, दात घासायचा जुना मऊ ब्रश, दोन-चार बारीक टाचण्या आणि आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. मॅन्युअल टाळू नका. वायरींचे रंग आणि ओहमचे आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात, दुसऱ्या गाडीचे आकडे धरून केलेली मापं फसवतात.

बल्बचा टेस्टर सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) वायरींना लावू नका. बल्ब जो करंट ओढतो तो त्या सर्किटला झेपणारा नसतो. तिथे मल्टिमीटरच.

काम उघड्या, हवेशीर जागी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून सेन्सर तपासणं जिवावर बेतू शकतं.

टप्पा १: आठवडाभर फक्त नोंदी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण हा टप्पा काम वाटतच नाही. अधूनमधून येणाऱ्या दोषालाही काही अट असते: उष्णता, पाणी, धक्का, वळण, वेग, विजेचा भार. ती अट सापडली की अर्ध्या गाडीकडे बघायचीही गरज उरत नाही.

दिवा लागला की गाडी थांबवून लगेच लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की 'चढावर होतो बहुतेक' एवढंच आठवतं. लिहायचं ते असं: गाडी सुरू करून किती मिनिटं झाली होती, वेग आणि गिअर, रस्ता कसा होता, हँडल कुठे वळलं होतं, ब्रेक, हॉर्न किंवा जादा दिवे चालू होते का, टाकीत पेट्रोल किती, शेवटचं कधी आणि कुठे भरलं, पाऊस होता का, गाडी धुतली होती का. दिवा किती वेळ राहिला आणि त्या क्षणी इंजिनला काय झालं, हे दोन प्रश्न सर्वांत मोलाचे. मोबाइल हँडलच्या स्टँडवर असेल तर मीटरचं चित्रीकरण करून ठेवा.

मीटर नीट बघा. दिवा लागताना काटा शून्यावर जाऊन पूर्ण फेरी मारून परत आला का? तसं झालं असेल तर गाडी क्षणभर 'बंद होऊन चालू' झाली आहे आणि दिवा लागला तो किल्ली लावल्यावर लागतो तसाच. अशा वेळी कोड मिळेलच असं नाही, आणि 'कोड नाही म्हणजे दोष नाही' असं सांगून गाडी परत पाठवली जाते. आता मीटरमधलं घड्याळ बघा. काटा फिरला आणि वेळही पुसली गेली, तर वीज बॅटरीपाशी किंवा मुख्य फ्यूजपाशी तुटते आहे. काटा फिरला पण घड्याळ बरोबर राहिलं, तर बॅटरीचा थेट पुरवठा शाबूत आहे आणि इग्निशन स्विचकडून येणारा पुरवठा तुटतो आहे. माझा काटा फिरत होता. मी तो महिनाभर बघत होतो आणि दुर्लक्ष करत होतो.

बाकीच्या नोंदींचा अर्थ साधारण असा लावावा. इंजिन चांगलं तापल्यावर, वीस-पंचवीस मिनिटांनी दिवा लागून गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर काही झालंच नाही अशी सुरू होते, तर पल्सर कॉइलवर, म्हणजे इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या क्रँक सेन्सरवर पहिला संशय. त्यातली बारीक तार गरम झाली की आतल्या आत सुटते. खड्ड्यात लागतो तर बॅटरीचे स्क्रू आणि कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड). हँडल वळवल्यावर लागतो तर मानेपाशी गेलेलं वायरिंग. पावसात किंवा धुतल्यानंतर लागतो आणि दोन दिवसांनी बरा होतो, तर कुठल्यातरी कपलरमध्ये पाणी. सिग्नलला हेडलाइट, ब्रेकलाइट, फॉगलाइट सगळं चालू असताना लागतो तर चार्जिंग. टाकी तळाला गेल्यावर चढावरच लागतो तर पंप हवा ओढतोय.

पुढे जाण्याआधी: निदान तीन नोंदी झाल्या आहेत का? तिन्हींत समान असलेली एक तरी गोष्ट सापडली का? आणि जिथे ती गोष्ट असूनही दिवा लागला नाही, अशा प्रसंगाची नोंद आहे का? माझ्या बाबतीत बाकीच्या गतिरोधकांनी उत्तर दिलं, फाटकातल्या गतिरोधकाने नाही.

टप्पा २: कोड वाचा, पण पुसू नका

बॅटरीला हात लावण्याआधी कोड वाचून घ्या. बॅटरीची वायर काढल्यावर काही गाड्यांत नोंदी पुसल्या जातात, काहींत राहतात. आपल्या गाडीत काय होतं याची परीक्षा याच वेळी घेऊ नका.

कोड वाचायच्या दोन वाटा आहेत. काही गाड्यांत दिवाच मिचकावून कोड सांगतो. होंडाच्या अनेक पीजीएम-एफआय (होंडाची फ्यूएल इंजेक्शन प्रणाली) गाड्यांत लांब उघडझाप म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक. एक लांब, दोन छोट्या म्हणजे १२, म्हणजे इंजेक्टरचं सर्किट. सात म्हणजे इंजिनच्या तापमानाचा सेन्सर, आठ थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरच्या मुठीने उघडणाऱ्या झडपेचा), नऊ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, २१ ऑक्सिजन सेन्सर. उघडझाप मोबाइलवर चित्रित करा आणि मग मोजा. उघड्या डोळ्यांनी मोजताना हमखास चुकतं.

दुसरी वाट स्कॅनरची. बऱ्याच नव्या गाड्यांत सीटखाली किंवा साइड पॅनेलच्या मागे टोपण घातलेला सहा पिनांचा कपलर असतो. त्याला सहा पिन ते सोळा पिन अशी जोडवायर लावली की मोटारींचा साधा ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याच गाड्यांशी बोलतो, सगळ्यांशी नाही. काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. रात्रभर लावून ठेवला तर तो मोटरसायकलची छोटी बॅटरी उतरवतो.

स्कॅनरवर तीन गोष्टी बघा आणि तिन्हींचे फोटो काढा. पक्के कोड. प्रलंबित कोड, म्हणजे एकदाच दिसलेला, अजून खात्री न झालेला दोष. आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या), तापमान आणि वेग. फ्रीझ फ्रेम सगळ्या गाड्यांत मिळत नाही, पण मिळाली तर ती वहीतल्या नोंदीशी ताडून पाहा.

कोड सुट्या भागाचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. पी-०१३१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी. याचा अर्थ सेन्सर गेला असेल, वायर बेंड पाइपला (इंजिनमधून निघणाऱ्या धुराच्या नळीला) लागून भाजली असेल, सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड फुंकत असेल किंवा मिश्रणात पेट्रोल खरंच कमी पडत असेल. चार शक्यतांपैकी एकीलाच नवा सेन्सर उत्तर आहे.

तापमानाच्या सेन्सरचे कोड मात्र बरंच सांगून जातात. पी-०११३ म्हणजे हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं व्होल्टेज जास्त, आणि बहुधा त्याचा अर्थ सर्किट उघडं पडलं आहे: कपलर निसटलाय किंवा वायर तुटलीय. लाइव्ह डेटात (स्कॅनरवर चालू क्षणी दिसणाऱ्या आकड्यांत) त्या वेळी उणे ४० अंशांच्या आसपास तापमान दिसतं. पी-०११२ म्हणजे व्होल्टेज कमी, म्हणजे वायर कुठेतरी अर्थला (अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) टेकतेय. इंजिनच्या तापमानासाठी हीच जोडी पी-०११८ आणि पी-०११७.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर तीन-चार सेन्सर एकदम गेले असं कधीही समजू नका. त्यांना लागणारा पाच व्होल्टचा पुरवठा किंवा अर्थ सामाईक असतो. दोष तिथे शोधा.

दिवा आपोआप विझला म्हणजे गाडी बरी झाली असं नाही. बहुतेक ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष नोंदवायच्या) प्रणालींत गाडी सुरू करून चालवण्याच्या लागोपाठ साधारण तीन फेऱ्या दोषाशिवाय झाल्या की दिवा विझतो, नोंद मात्र त्यानंतरही बराच काळ राहते. म्हणून दिवा विझलेला असतानाही गाडीला स्कॅनर लावणं उपयोगाचं असतं.

टप्पा ३: बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग

कोड कुठलाही असो, हा टप्पा चुकवायचा नाही. अधूनमधून येणारे बरेच दोष इथेच सुटतात.

सुरुवात हातापासून करा. किल्ली बंद ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवरची प्रत्येक वायर बोटांनी हलवून पाहा. मोटरसायकलच्या बॅटरीला छोटा स्क्रू आणि मागे सुटा नट असतो. हॉर्नची, फॉगलाइटची, मोबाइल चार्जरची अशी एकावर एक कडी चढवत गेलं की स्क्रूचे आटे पुरत नाहीत आणि तो घट्ट झाल्यासारखा नुसता वाटतो. वायर जराही फिरली तर दोष सापडला असण्याची चांगली शक्यता आहे. वायरी उतरवताना आधी उणे काढा, बसवताना उणे शेवटी लावा.

मग मापं. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. १२.४ च्या खाली असतील तर बॅटरी चार्ज करा आणि मगच पुढच्या चाचण्या घ्या. सेल मारताना व्होल्टेज दहाच्या खाली जाऊ नये. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर ठेवलं की साधारण १३.५ ते १४.८ मिळायला हवेत. १५ च्या वर गेलं तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा त्याचं अर्थिंग बिघडलेलं आहे. तेरापर्यंतही चढत नसेल तर चार्जिंगचा कपलर उघडून बघा. तो जळून तपकिरी झालेला असणं नेहमीचं आहे.

आता अर्थिंग. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या उणे टोकावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर. कुणालातरी सेल मारायला सांगा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. नंतर लाल पिन चॅसिसच्या अर्थ बोल्टवर ठेवा, किल्ली आणि हेडलाइट चालू करा. आता ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. जास्त दिसला तर बोल्ट सोडवा, खालचा रंग आणि गंज घासून काढा, पुन्हा आवळा. अर्थ ओहममध्ये मोजू नका. दोन-तीन धागे शिल्लक असलेली वायरही ओहममध्ये ठणठणीत दिसते. तिच्यातून करंट जायला लागतो तेव्हाच तिची लायकी कळते.

सावधान: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. 'चार्जिंग बघायला' ही युक्ती अजून केली जाते. व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो.

फ्यूज उपटून त्यांच्या पात्यांचा रंग बघा. पातं काळं पडलं असेल किंवा फ्यूज खोबणीत ढिला बसत असेल, तर तो तुटलेला नसला तरी दोषी आहे.

टप्पा ४: जादा जोडण्या आणि कपलर

गाडीला बाहेरून काय काय बसवलं आहे याची यादी करा: फॉगलाइट, दुप्पट आवाजाचा हॉर्न, अलार्म, जीपीएस, यूएसबी चार्जर. सगळं तात्पुरतं सोडवा आणि आठवडाभर गाडी मूळ अवस्थेत चालवा. मूळ वायर सोलून तिच्यावर दुसरी गुंडाळून काळी टेप मारलेली असेल, तर पावसाळ्यात तिथून पाणी तांब्यात शिरतं आणि वायर आतून हिरवी पडत जाते.

मग वायरिंगच्या नेहमीच्या दुखऱ्या जागा टॉर्चने बघा: हँडलची मान, टाकीखालचा कणा, सीटच्या लॉकपाशी, बेंड पाइपजवळून जाणारी ऑक्सिजन सेन्सरची वायर, मागच्या चाकाच्या बाजूला झिजणारी वायर. एअर फिल्टरच्या पेटीभोवती लेंड्या किंवा कातरलेलं प्लास्टिक दिसलं तर उंदीर शिरला आहे. पार्किंगमध्ये काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमी आढळतं, आणि वायर अर्धवट कुरतडलेली असली की दोष हमखास अधूनमधूनच येतो.

कपलर उघडायच्या आधी किल्ली बंद करा आणि मिनिटभर थांबा. किल्ली चालू ठेवून कपलर काढला तर ईसीयू त्याचा नवा कोड नोंदवतो. आपण तो वाचून 'आणखी एक सेन्सर गेला' असं समजतो आणि एका दोषाचे चार होतात. ही चूक मी अनुभवी माणसांनाही करताना पाहिली आहे.

कपलरचं कुलूप दाबून तो प्लास्टिकला धरून ओढायचा, वायरीला नाही. आत हिरवट पूड, पाणी, वाकडी पिन किंवा फाकलेली मादी पिन दिसते का बघा. फाकलेली पिन डोळ्याला दिसत नाही. तिच्यात तेवढ्याच जाडीची सुटी पिन घालून बाहेर ओढा. हाताला ओढ जाणवली पाहिजे. सैल निसटली तर ती पिन बदलायची किंवा काळजीपूर्वक दाबून घ्यायची. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ब्रश फिरवा, पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपरने घासू नका, पिनवरचा मुलामा निघतो आणि ती लवकर गंजते. कपलरच्या रबरी कडीला डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाच्या टोकाएवढं. कपलर ग्रीसने भरून टाकू नका.

गाडी धुतल्यानंतर दिवा लागायला लागला असेल, तर वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप कुठे मारला होता ते आठवा. सीटखाली आणि हँडलच्या स्विचांवर थेट मारलेलं पाणी रबरी कड्यांनाही अडवता येत नाही. डिझेल मारून धुणं तर बंदच करा, त्याने त्याच कड्या फुगतात.

टप्पा ५: दोष मुद्दाम घडवून आणा

आता वहीतली अट घरच्या घरी तयार करायची. गाडी न्यूट्रलमध्ये, मुख्य स्टँडवर किंवा पक्क्या आधारावर. मुख्य स्टँडवर मागचं चाक फिरू शकतं. बाह्या, ओढणी, बोटं चेनपासून लांब.

इंजिन आयडलिंगला ठेवा आणि वायरिंगची एकेक जागा हलवा. एका वेळी एकच, आणि प्रत्येक जागेनंतर दहापर्यंत मोजा. दोन्ही हातांनी सगळा गठ्ठा गदागदा हलवला तर दिवा लागेलही, पण कशामुळे लागला ते कळणार नाही. आवाज ऐका. आयडलिंग किंचित ढळलं तरी ती जागा खडूने खुणवून ठेवा. स्कॅनरचा लाइव्ह डेटा चालू असेल तर ज्या सेन्सरचा कोड होता त्याचा आकडा बघत राहा. तो उडी मारतो, तिथे दोष.

हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या, प्रत्येक टोकाला थांबा. ब्रेक दाबा, हॉर्न वाजवा, इंजिन बंद करायचा लाल स्विच त्याच्या जागी हलकेच दाबून बघा. साइड स्टँडचा स्विच चिखलाने भरलेला असेल तर काही गाड्यांत स्टँड हाताने किंचित हलवल्यावर इंजिन अडखळतं.

अट उष्णतेची असेल तर केस वाळवायचा ड्रायर संशयित सेन्सरवर चार-पाच मिनिटं धरा. रंग काढायची हीट गन वापरू नका, ती प्लास्टिक वितळवते. अट पाण्याची असेल तर इस्त्रीच्या वेळी वापरायची पाण्याची फवारणी बाटली घ्या आणि एकेक कपलर, प्लग कॅप, कॉइल असं भिजवत चला. तापलेल्या बेंड पाइपवर फवारू नका.

पुढे जाण्याआधी: दोष दोनदा, त्याच जागी, त्याच कृतीने घडवता आला का? एकदाच घडला असेल तर अजून भाग मागवू नका.

टप्पा ६: त्या एका सर्किटची मापं

जागा सापडली असेल तर हा टप्पा छोटा होतो.

थ्रॉटल सेन्सर: कपलरच्या मागून टाचणी घालून सिग्नलच्या वायरीचं व्होल्टेज मोजा. ॲक्सिलरेटरची मूठ बंद असताना बऱ्याच गाड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर चारच्या वर. मूठ अगदी सावकाश फिरवा. आकडा गुळगुळीत चढला पाहिजे, मध्येच पडला तर सेन्सर झिजलेला आहे. मोजून झालं की टाचणीचं छिद्र बुजवा.

तापमानाचा सेन्सर: २०-२५ अंशांना बहुधा दोन-अडीच किलो-ओहम, तापेल तसं कमी होत जाणारं. क्रँक सेन्सर: थंड असताना मोजा, ड्रायरने तापवून पुन्हा मोजा. थोडी वाढ स्वाभाविक आहे, पण आकडा अचानक अनंतावर गेला तर सेन्सर बदलायचाच. ऑक्सिजन सेन्सर: इंजिन तापल्यावर व्होल्टेज ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होत राहतं. एका जागी खिळून बसलं तर आधी सायलेन्सरचा जोड आणि इनटेकचं रबर गळतंय का बघा.

स्पार्क प्लग दुर्लक्षित राहतो. इंजेक्शनच्या गाडीला रेझिस्टरवाला प्लगच लागतो. एनजीकेच्या सीआर-८-ई सारख्या क्रमांकातलं 'आर' हे अक्षर त्याचंच. साधा प्लग घातला किंवा प्लग कॅप सैल असली, तर ठिणगीचा विद्युत गोंगाट सेन्सरच्या वायरींत शिरतो आणि कशाचा कशाशी मेळ नसलेले कोड येतात.

दिवा पेट्रोल भरल्यानंतरच्या पहिल्या दहा-वीस किलोमीटरमध्ये लागला असेल, तर थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं, पण पाणी वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर धरतात. टाकीच्या झाकणाभोवतीची पाण्याची वाट तुंबली असेल तर पावसाचं पाणी आत जातं. ती साफ करा.

टप्पा ७: दुरुस्ती

वायर तुटलेली असेल तर तुटका भाग कापून तेवढ्याच जाडीची नवी वायर जोडा, नीट दाबलेल्या क्रिम्पने आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून. हँडलच्या मानेसारख्या सतत हलणाऱ्या जागी नुसता डाग (सोल्डर) देऊ नका. डागाच्या कडेला वायर कडक होते आणि तिथेच पुन्हा तुटते. जोड शक्यतो न हलणाऱ्या भागात घ्या, वायरीला ढील ठेवा, टाय बोट आत जाईल इतपतच आवळा.

एका वेळी एकच दुरुस्ती. कपलर साफ केला, प्लग बदलला आणि सेन्सरही बदलला, तर गाडी बरी होईल, पण कशाने झाली ते कळणार नाही. दिवा परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

टप्पा ८: कोड पुसा आणि अटीवर परीक्षा घ्या

आता कोड पुसा, स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने. मग ज्या अटीवर दिवा लागायचा तीच अट द्या. पावसात लागायचा तर फवारणी करून चालवा. घाटात तापल्यावर लागायचा तर तेवढाच वेळ, तेवढाच चढ. गल्लीत एक चक्कर मारून 'झालं' म्हणू नका. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी, थंड इंजिनपासून सुरू करून चालवा आणि शेवटी प्रलंबित कोड पुन्हा वाचा. दिवा न लागताही तिथे काही बसलेलं असेल, तर काम बाकी आहे.

सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापणं, सोलणं, जोडणं तुम्ही करू नका. टप्पा १ आणि २, बॅटरीचे स्क्रू आणि जादा जोडण्या काढणं, एवढं करून गाडी द्या. केबल नसलेला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल किंवा चोरी रोखणाऱ्या किल्लीच्या प्रणालीचा कोड असेल तर वॉरंटी संपलेली असली तरी त्यांच्याकडेच जा.

जॉबकार्डवर 'चेक लाइट येते' एवढं लिहू देऊ नका. असं लिहून घ्या: 'इंजिन तापल्यावर, साधारण २५ मिनिटांनी, चढावर दिवा लागतो, आरपीएमचा काटा पडतो, इंजिन बंद पडतं, दहा मिनिटांनी सुरू होतं. पी-०३३५ दोनदा मिळाला, फोटो जोडले आहेत. क्रँक सेन्सर गरम करून तपासावा. विचारल्याशिवाय कोड पुसू नये.' वहीच्या पानांचा फोटो द्या, मूळ वही स्वतःकडे ठेवा, आणि शक्य असेल तर मेकॅनिकला मागे बसवून ती पंचवीस मिनिटांची फेरी स्वतः मारून आणा.